परसातली वेधशाळा आणि तिचे वारस

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या गावातल्या शाळेच्या गच्चीवर, पत्र्याच्या सरकत्या छपराखाली, आठ इंची आरशाची एक दुर्बीण आहे. गेली बावीस वर्षे मी तिची देखभाल करतो. शनिवारी आकाश मोकळे असले की माणसे येतात. जिना चढून धाप लागलेली असते, तरी जवळजवळ प्रत्येक जण पहिला प्रश्न हाच विचारतो, ‘‘केवढी आहे हो तुमची दुर्बीण?’’ आठ इंच म्हटले की चेहरा जरा उतरतो.

खरे सांगायचे तर आमचाही उतरतो. दोन वर्षांपूर्वी आमच्या मंडळाच्या बैठकीत ठराव आला, की ही दुर्बीण विकून टाकावी, वर्गणी काढावी आणि चौदा इंची आणावी. ठरावाच्या बाजूने तरुण मंडळी होती आणि त्यांचा उत्साह खोटा नव्हता. त्या बैठकीत मी जी गोष्ट सांगितली, तीच आज आपल्याला सांगणार आहे. ती एका आरशाची आणि तो हाताळणाऱ्या तीन माणसांची गोष्ट आहे.

पहिला माणूस अँड्र्यू एन्स्ली कॉमन. जन्म १८४१चा. व्यवसायाने ते सॅनिटरी इंजिनिअर, म्हणजे सांडपाणी आणि नळ यांच्या कामातले. लंडनच्या पश्चिमेला ईलिंग नावाचे उपनगर आहे, तिथे ते राहत. दिवसा पोटापाण्याचा उद्योग आणि रात्री घरामागच्या परसात आकाशदर्शन, असा त्यांचा क्रम होता. कुठल्या विद्यापीठाची खुर्ची नाही, सरकारी अनुदान नाही. सुरुवात साडेपाच इंची भिंगाच्या दुर्बिणीने झाली. मग अठरा इंची आरशाची आली आणि १८७९मध्ये छत्तीस इंची. एका हौशी माणसाच्या परसात तीन फूट रुंदीचा आरसा! आरसा घासून दिला जॉर्ज कॅल्व्हर या कारागिराने. तो पेलणारा सांगाडा मात्र कॉमन यांनी स्वतःच्या डोक्याने आखला.

इथे आरशाबद्दल थोडे सांगितले पाहिजे. त्याआधीच्या मोठ्या दुर्बिणींचे आरसे धातूचे असत. ते जड असत, लवकर काळवंडत आणि पुन्हा चकचकीत करायला गेले की त्यांचा आकारच बिघडण्याची भीती असे. १८५०नंतरच्या दशकात काचेवर चांदीचा अगदी पातळ थर चढवण्याची युक्ती दुर्बिणींसाठी वापरात आली. चांदीही काळी पडते, पण ती धुऊन काढून नवी चढवता येते. खालच्या काचेचा आकार जसाच्या तसा राहतो. आता ही सोय आहे, पण ती मेहनत मागते. लंडनच्या धुरात चांदीचा थर किती टिकणार? ज्याला दर थोड्या दिवसांनी आरसा उतरवून पुन्हा मुलामा द्यायचा कंटाळा आहे, त्याने या वाटेला जाऊच नये. आज आपल्याकडे ॲल्युमिनियमचा मुलामा देतात. तो जास्त टिकतो, पण कंटाळ्याचा नियम तोच आहे.

दुसरी अडचण वजनाची. पृथ्वी फिरते म्हणून तारे सरकतात, तासाला पंधरा अंश. ताऱ्याच्या मागोमाग दुर्बीणही तितक्याच संथ आणि एकसारख्या गतीने फिरवावी लागते. त्यासाठी ती ध्रुवाकडे रोखलेल्या एका आसावर बसवतात आणि घड्याळासारखे यंत्र तिला ढकलत राहते. छत्तीस इंची आरसा, त्याची नळी आणि लोखंडी सांगाडा एवढे ओझे त्या आसावर आले, की घर्षणाने दुर्बीण अडखळत चालते. कॉमन यांनी आस पोकळ केला आणि त्याचा भार पाऱ्यावर तरंगता ठेवला. पाऱ्यावर लोखंड तरंगते हे आपण शाळेत शिकतो. त्या धड्याचा असा उपयोग करायला पाण्याच्या आणि नळांच्या कामात मुरलेला माणूसच हवा होता, असे मला नेहमी वाटते.

मग आली ३० जानेवारी १८८३ची रात्र. मृग नक्षत्रातला तेजोमेघ आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. मृगाच्या पोटात घुसलेल्या बाणाचे तीन तारे ओळीत दिसतात. त्यांच्या जरा दक्षिणेला साध्या डोळ्यांनाही एक धूसर ठिपका दिसतो, तोच हा. हेन्री ड्रेपर या अमेरिकेतल्या हौशी निरीक्षकाने १८८०मध्ये अकरा इंची भिंगाच्या दुर्बिणीतून त्याचे पहिले छायाचित्र घेतले होते. कॉमन यांनी त्या जानेवारीत काच सदतीस मिनिटे उघडी ठेवली. सदतीस मिनिटांत आकाश नऊ अंशांहून अधिक सरकते, म्हणजे अठरा पौर्णिमेचे चंद्र एकाशेजारी एक ठेवावेत एवढे. तितका वेळ ते अवजड धूड ताऱ्यावर रोखून धरायचे होते.

काच धुतली तेव्हा तेजोमेघाच्या घड्या, पदर, पोकळ्या तिच्यावर उतरल्या होत्या. त्यांच्या जोडीला, त्या दुर्बिणीला डोळा लावूनही दिसत नव्हते असे तारे उमटले होते. डोळ्याला एका क्षणात जेवढे दिसते तेवढेच दिसते. काच मात्र प्रकाश साठवत जाते. छायाचित्र म्हणजे पाहिलेल्या गोष्टीची केवळ नक्कल नाही, तर न दिसणारे दाखवणारे साधन आहे, हे त्या रात्री परसातल्या वेधशाळेने दाखवून दिले. १८८४मध्ये रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने कॉमन यांना सुवर्णपदक दिले.

आता कोणाला वाटेल, की एवढे यश मिळाल्यावर माणूस त्याच दुर्बिणीने पुढची वीस वर्षे काम करील. कॉमन यांनी पुढच्याच वर्षी, १८८५मध्ये, ती विकून टाकली. त्यांना साठ इंची हवी होती! या वेळी आरसाही स्वतः घासायचे त्यांनी ठरवले. पहिल्या आरशातून तारे गोल न दिसता लांबट दिसले. त्यांनी दुसरा घासला. पाच फुटी आरशाच्या नळीच्या तोंडाशी पोचायला उंच माचीवर चढावे लागे, आणि एका रात्री अंधारात ते तिच्यावरून पडता पडता वाचले. त्या दुर्बिणीतून मृगाच्या छायाचित्राच्या तोडीचे काम काही झाले नाही. आरसे बनवण्यात मात्र त्यांचा हात बसला. ग्रिनिचच्या राजवेधशाळेतल्या तीस इंची दुर्बिणीचा आरसाही पुढे त्यांनीच घडवला. पण १९०३मध्ये कॉमन वारले, तेव्हा साठ इंची दुर्बीण रिकामीच उभी होती. नंतर ती हार्वर्ड वेधशाळेने विकत घेतली.

मी कॉमन यांना दोष देत नाही. घडवण्यात ज्याचा जीव रमतो, तो घडून झालेल्या वस्तूपाशी फार वेळ बसत नाही. पण आमच्या बैठकीत चौदा इंचीचा ठराव वाचला गेला, तेव्हा मला ईलिंगची ती उंच माची आठवली.

छत्तीस इंची घेणारे गृहस्थ होते एडवर्ड क्रॉसली. यॉर्कशायरमधल्या हॅलिफॅक्स गावचे, गालिचांच्या गिरण्यांचे मालक. गावचे महापौर झाले, पार्लमेंटातही गेले. त्यांच्या बंगल्यावर आधीपासूनच एक वेधशाळा होती आणि ती चालवायला जोसेफ ग्लेडहिल नावाचे साहाय्यक नेमलेले होते. क्रॉसली, ग्लेडहिल आणि विल्सन या तिघांनी १८७९मध्ये युग्मताऱ्यांवर एक हस्तपुस्तिका काढली. तेही नऊ इंचांहून थोड्याच मोठ्या भिंगाच्या दुर्बिणीच्या आधारावर. म्हणजे हा नुसता पैसेवाल्याचा शौक नव्हता.

क्रॉसलींनी मोठ्या आरशासाठी मोठा घुमट बांधला. पण गावात गिरण्या, गिरण्यांच्या चिमण्या आणि वर यॉर्कशायरचे ढग. भिंगाच्या लहान दुर्बिणीने ढगांच्या फटीतून युग्मतारे मोजता येतात. तासन्‌तास काच उघडी ठेवायची तर तितका वेळ निरभ्र आकाश हवे, आणि ते हॅलिफॅक्सला मिळेना. इथे क्रॉसलींनी जे केले त्याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटतो. आपल्या गावचे आकाश या आरशाच्या लायक नाही, हे त्यांनी मान्य केले. १८९५मध्ये त्यांनी दुर्बीण आणि तिचा घुमट, दोन्ही कॅलिफोर्नियातल्या माउंट हॅमिल्टनवरच्या लिक वेधशाळेला देऊन टाकले. (त्यांची भिंगाची दुर्बीणही पुढे न्यूझीलंडला गेली आणि वेलिंग्टनच्या कार्टर वेधशाळेत विसावली.) आपल्याकडे गणपती मंडळाचा जुना ढोलसुद्धा दुसऱ्या मंडळाला द्यायचा म्हटले तर वर्षभर चर्चा चालते!

पण देणगी पोचली म्हणजे काम सुरू झाले असे नव्हे. लिक वेधशाळेची शान म्हणजे तिथली छत्तीस इंची भिंगाची दुर्बीण. तिच्यापुढे हा हौशी माणसाने जुळवलेला जुना सांगाडा कोणाच्या नजरेत भरेना. शिवाय तो ईलिंगच्या आकाशासाठी बनवलेला. ध्रुवतारा क्षितिजापासून किती उंच दिसतो ते त्या गावाच्या अक्षांशावर ठरते. ईलिंगचा अक्षांश साडेएक्कावन्न, माउंट हॅमिल्टनचा साधारण सदतीस. म्हणजे दुर्बिणीचा आसच चौदा अंशांनी वेगळा कलता करायला हवा. हसी नावाच्या अनुभवी निरीक्षकाने या दुर्बिणीवर काम करायला साफ नकार दिला. संचालक होल्डन यांच्याशी कर्मचाऱ्यांचे आधीच बिनसलेले होते, त्यात या वादाची भर पडली आणि १८९७मध्ये होल्डन राजीनामा देऊन गेले.

१८९८च्या उन्हाळ्यात नवे संचालक आले, जेम्स कीलर. वय चाळीस. सगळ्यांना वाटले, हे मोठ्या भिंगाच्या दुर्बिणीवर काम करणार. कीलर यांनी स्वतःसाठी निवडली ती कोणालाच नको असलेली क्रॉसलीची दुर्बीण. आणि त्यांनी काय केले? नवा आरसा मागवला नाही, नवा सांगाडाही नाही. दुर्बिणीखालचा दगडी खांब तोडून बुटका केला. ध्रुवाकडचा आस पुन्हा पुन्हा तपासून नेमका बसवला. दुर्बीण फिरवणारे घड्याळ ताळ्यावर आणले. कॉमन यांनीच बनवलेली एक फोटोची चौकट दुर्बिणीबरोबर आली होती. तिच्या कडेला एक नेत्रिका असे. तिच्यातून एका ताऱ्यावर नजर ठेवायची आणि तो तारा तारेवरून जरा ढळला, की दोन स्क्रू फिरवून सगळी चौकटच सरकवायची. घड्याळाच्या चुका माणसाच्या हाताने सुधारायच्या, तासन्‌तास. ही चौकट कीलर यांनी कामाला लावली.

श्यामशबल तारकासमूहातल्या चक्राकार तेजोमेघाचे, एम ५१चे, त्यांनी घेतलेले छायाचित्र चार तासांचे आहे. चार तास डोळा नेत्रिकेला आणि बोटे स्क्रूवर. ते पाहिले की नुसती दुर्बीण नव्हे, तो माणूसही डोळ्यांपुढे येतो.

आणि मग त्या काचांवर एक विचित्र गोष्ट दिसू लागली. ज्या तेजोमेघाचे छायाचित्र घ्यावे, त्याच्या आसपास आणखी चिमुकले तेजोमेघ उमटलेले असत. १८८८च्या प्रसिद्ध ड्रायर सूचीत तारकागुच्छ आणि तेजोमेघ मिळून ७,८४० नोंदी होत्या. कीलर यांनी आपल्या काचांवरून हिशेब केला, की या एका दुर्बिणीच्या आवाक्यात कमीत कमी एक लाख वीस हजार तेजोमेघ असावेत आणि त्यांतले बहुसंख्य चक्राकार. ते तेजोमेघ म्हणजे आपल्या आकाशगंगेबाहेरच्या स्वतंत्र दीर्घिका आहेत, हे तेव्हा ठरलेले नव्हते. ते सिद्ध व्हायला १९२४-२५ साल आणि एडविन हबल उजाडावे लागले. पण मधल्या काळात क्रॉसली दुर्बिणीवरच कर्टिस यांनी छायाचित्रांची मालिका पुढे चालवली आणि १९२०च्या गाजलेल्या वादात स्वतंत्र दीर्घिकांची बाजू मांडली. ईलिंगच्या परसातला आरसा कुठवर पोचला, पाहा.

कीलर यांना हे पाहायला मिळाले नाही. ऑगस्ट १९००मध्ये, वयाची त्रेचाळिशी पुरी व्हायच्या आधीच, ते गेले. दोन वर्षांचे काम, पण काचा लावून ठेवलेल्या, नोंदी लिहिलेल्या. त्यामुळे पुढच्या माणसाला ते उचलता आले. १९०८मध्ये लिक वेधशाळेने ती छायाचित्रे ग्रंथरूपाने छापली.

या कीलर यांच्या नावाशी आपल्या पुण्याचा एक धागा जुळतो आणि तो सांगितल्याशिवाय ही गोष्ट मला पुरी वाटत नाही. कीलर यांचे जन्मवर्ष १८५७. त्याच वर्षी जन्मलेले कावसजी दादाभाई नायगमवाला हे मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात विज्ञान शिकवीत. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी दिलेली देणगी आणि मुंबई सरकारची तितकीच भर, यांतून पुण्याच्या सायन्स कॉलेजात, म्हणजे पुढच्या इंजिनिअरिंग कॉलेजात, १८८८मध्ये महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहिली. ती हौशी वेधशाळा नव्हती, कॉलेजची होती. पण चालवणारा माणूस जवळजवळ एकटा. त्या अर्थाने ती परसातल्या वेधशाळेची सख्खी बहीणच.

तेव्हा इंग्लंडात नॉर्मन लॉकियर यांचे मोठे नाव होते. तेजोमेघ हे उल्कांचे थवे आहेत आणि त्यांच्या वर्णपटातली ठळक हिरवी रेषा मॅग्नेशियमची आहे, असे त्यांचे मत होते. मॅग्नेशियमचा तो पट्टा एका बाजूला रेखीव आणि दुसऱ्या बाजूला विरत जाणारा असतो. म्हणजे लॉकियर बरोबर असतील, तर तेजोमेघातल्या रेषेचीही एक कड धूसर दिसायला हवी. नायगमवालांनी पुण्यातून मृगातल्या त्याच तेजोमेघाकडे वर्णपटदर्शक रोखला. १८९१मध्ये त्यांनी कळवले, की रेषा प्रत्येक वेळी रेखीवच दिसते. पुण्याला वेधशाळा काढावी हा सल्ला ज्यांनी दिला, त्यांत लॉकियर स्वतः होते. त्यांच्याच मताविरुद्ध नायगमवालांनी नोंद लिहिली. आणि तिकडे लिकला, त्याच सुमारास, तरुण कीलर यांनी त्या रेषेची जागा मोजून ती मॅग्नेशियमची नाही असे दाखवले. रेषा कशाची, ते पुढे १९२७मध्ये कळले. ती अतिविरळ अवस्थेतल्या ऑक्सिजनची निघाली.

२२ जानेवारी १८९८च्या खग्रास सूर्यग्रहणाला नायगमवालांनी सोलापूर जिल्ह्यात जेऊरला तळ ठोकला होता, आणि लिक वेधशाळेचे कँपबेलही तिथेच आले होते. दोन वेधशाळा अशा एका माळावर भेटल्या.

आणि शेवट? १९१२मध्ये नायगमवाला निवृत्त झाले आणि पुण्याची वेधशाळा बंद झाली. तिची वीस इंची आरशाची, ग्रब कंपनीची, देशातली तेव्हाची सर्वांत मोठी दुर्बीण कोडाईकॅनालला गेली आणि तिथे तिच्या नशिबी दीर्घ काळ पडून राहणे आले. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्थेने हौशी निरीक्षकांना एकत्र आणले ते १९४४मध्ये. मध्ये बत्तीस वर्षे गेली. दुर्बीण दोन्हीकडे होती, माणूस दोन्हीकडे तोलाचा होता. लिकला कीलर गेल्यावर त्यांच्या जागी उभा राहणारा माणूस होता. पुण्याला नव्हता.

आमच्या बैठकीत मी ही गोष्ट सांगितली, तेव्हा एका मुलाने विचारले, ‘‘सर, मग आपल्याकडे तुमच्यानंतर कोण?’’ मला उत्तर देता आले नाही. त्याच वर्षी पावसाळ्यानंतर मी आजारी पडलो होतो आणि तीन महिने छप्पर उघडलेच गेले नव्हते. किल्ली माझ्या खिशात होती. बावीस वर्षे माझ्याच खिशात. बरा होऊन वर गेलो, तर नेत्रिकांवर बुरशी चढलेली आणि आरशावर ओलीचे डाग. चूक दुसऱ्या कोणाची नव्हती.

चौदा इंचीचा ठराव आम्ही बाजूला ठेवला. आधी दुर्बिणीचा खांब सोडवला. तो गच्चीच्या स्लॅबवर बसवलेला होता, त्यामुळे कोणी पाऊल टाकले की शनी नाचायचा. आता तो खालच्या तुळईवरून थेट वर आणला आहे आणि भोवती बोटभर फट ठेवून वेगळी लाकडी जमीन केली आहे. आरशाला नवा मुलामा दिला. नेत्रिका घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवतो. पूर्वी शनीच्या कड्यातली काळी फट वर्षातून एखाद्या रात्री दिसायची. आता कडी पुरेशी कललेली असली, की ती बऱ्याच रात्री दिसते. दुर्बीण तीच आहे, आठ इंची.

किल्लीच्या आता तीन प्रती आहेत. दोन नववीतल्या मुलींकडे असतात. गेल्या शनिवारी मी जरा उशिरा पोचलो, तर छप्पर सरकवलेले होते, वहीत वेळ लिहिलेली होती, आणि त्यांतली एक जण पाहुण्यांना सांगत होती, ‘‘काका, केवढी आहे ते नंतर सांगते. आधी बघून घ्या, ढग येतोय.’’